नावावरून मार्ग काढायचा, तर राउटरने किती नावे लक्षात ठेवायची?

तंतुवाय (प्रश्न)

नमस्कार. मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणकजाळ्यांचा विषय शिकवतो. या सत्रात अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी नेम्ड डेटा नेटवर्किंग, म्हणजे एनडीएन, हा भाग घ्यायचे ठरवले आणि प्रयोगशाळेतल्या पाच संगणकांवर एनएफडी हा फॉरवर्डर (पॅकेटे पुढे पाठवणारे सॉफ्टवेअर) व एनएलएसआर हा राउटिंग प्रोटोकॉल (वाटांची माहिती राउटरांना कळवणारा) बसवून पाहिला. पाच संगणकांवर सगळे सुरळीत चालते. अडचण आहे ती हे पाचाचे पाच कोटी झाल्यावर काय होईल, याची.

मला जेवढे समजले आहे ते आधी मांडतो, म्हणजे चूक तिथेच असेल तर दाखवता येईल. आजच्या इंटरनेटवर पॅकेटवर पत्ता असतो, तो कोणत्या तरी यंत्राचा. एनडीएनमध्ये यंत्राचा पत्ताच नसतो. ज्याला काही हवे आहे तो त्या आशयाचे नाव लिहिलेले इंटरेस्ट पॅकेट पाठवतो. वाटेतला प्रत्येक राउटर प्रथम स्वतःच्या साठ्यात, म्हणजे कंटेंट स्टोअरमध्ये, तो आशय आहे का ते पाहतो. नसेल, तर याच नावाची मागणी आधी कोणी करून उत्तराची वाट पाहत आहे का, हे प्रलंबित मागण्यांच्या तक्त्यात, म्हणजे पीआयटीमध्ये, तपासतो. तसे असेल तर नव्या मागणीची फक्त नोंद घेतो, ती पुढे पाठवत नाही. तीही नोंद नसेल, तेव्हा कोणत्या नावाकडे कोणती वाट जाते हे सांगणाऱ्या एफआयबी या तक्त्यात नावाचा सर्वांत लांब जुळणारा उपसर्ग, म्हणजे सुरुवातीचा भाग, शोधून मागणी त्या दिशेने पुढे पाठवतो. उत्तराचे डेटा पॅकेट पीआयटीतल्या नोंदींच्या मागानेच उलट परत येते. त्या पॅकेटवर मूळ प्रकाशकाची डिजिटल सही असते, म्हणून ते कोणाच्या साठ्यातून आले याला महत्त्व उरत नाही.

इथपर्यंत रचना मला फार सुंदर वाटते. ही कल्पना मांडणारे व्हॅन जेकबसन यांनी २००६ साली दिलेले व्याख्यान आणि त्यांचा व सहकाऱ्यांचा २००९ चा निबंध वाचल्यापासून हा विषय माझ्या मनातून गेलेला नाही. पण एफआयबीपाशी मी अडतो. आज इंटरनेटच्या गाभ्यातील राउटरांना आयपीव्ही४ चे ९ लाखांहून अधिक उपसर्ग सांभाळावे लागतात आणि तेवढ्यानेही जाळे चालवणाऱ्यांना चिंता वाटते. नोंदणीकृत डोमेन-नावे मात्र ३५ कोटींच्या आसपास आहेत, आणि पूर्ण वेबपत्ते मोजायचे म्हटले तर गूगलने २००८ मध्येच १ लाख कोटी वेगवेगळे पत्ते आढळल्याचे जाहीर केले होते. प्रत्येक डोमेनमागे एकच उपसर्ग धरला, तरी तक्ता काही शेकडो पटींनी फुगतो.

यावर सुचणारा उपाय म्हणजे नावे एकत्र करणे: एका इंटरनेट-सेवादात्याच्या जाळ्यातील सगळी नावे त्या सेवादात्याच्या नावाखाली ठेवावीत. परंतु तसे केले, तर आशय एका सेवादात्याकडून दुसऱ्याकडे हलवताच त्याचे नाव बदलेल, आणि मग नाव आणि पत्ता यांत फरक तो काय राहिला? विद्यार्थ्यांनी हाच प्रश्न विचारला, तर मला सांगता येईल असे उत्तर माझ्यापाशी नाही.

कोथरूड४११०३८ (उत्तर)

आपली मांडणी बरोबर आहे, आणि शंका नेमक्या मर्मावर आहे.

पिनकोडचे उदाहरण घेऊन पाहू, कारण वर्गात ते सहज समजते. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी लागू झाली. पहिला अंक ४ दिसला, की महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश किंवा छत्तीसगड. ४११ दिसले की पुणे. आणि उरलेले तीन अंक पाहण्याची गरज पुण्यात पोहोचेपर्यंत कोणालाच पडत नाही. कोलकात्याच्या टपाल छाटणी केंद्राला कोथरूड कुठे आहे हे ठाऊक असावे लागत नाही. हे शक्य होते ते आकडा जागेच्या मागे चालतो म्हणून. आता पाकिटावर केवळ माणसाचे नाव लिहिले आणि तो माणूस कुठेही राहायला जाऊ शकतो असे मानले, तर प्रत्येक छाटणी केंद्राला प्रत्येक माणूस ठाऊक असावा लागेल. तुमच्या ३५ कोटींचा आकडा हाच आहे. नावांची उतरंड आपोआप जागेची उतरंड होत नाही, आणि ती तशी करायला गेलो की नावाचे स्थैर्य जाते.

एनडीएनच्या संशोधकांना हे सुरुवातीपासून माहीत होते. त्यांनी शेवटी जो मार्ग धरला तो असा. गाभ्यातल्या राउटरांनी सगळी नावे जाणायची गरज नाही. त्यांनी फक्त सेवादात्यांच्या आणि मोठ्या जाळ्यांच्या नावांचे उपसर्ग जाणावेत, आणि ही संख्या आजच्या तक्त्यापेक्षा मोठी असण्याचे कारण नाही. ज्या आशयाचे नाव या तक्त्यात नाही, त्याच्या इंटरेस्ट पॅकेटला एक जोडपत्र लावायचे. त्याला फॉरवर्डिंग हिंट म्हणतात, आपण मार्गसूचना म्हणू. त्यात लिहिलेले असते, की या नावाचा आशय अमुक जाळ्याच्या दिशेने गेल्यास मिळेल. गाभ्यातला राउटर नाव ओळखीचे नसेल तर मार्गसूचनेकडे पाहतो. मागणी त्या जाळ्याच्या हद्दीत पोहोचली, की मार्गसूचनेचे काम संपते आणि पुढचा प्रवास पुन्हा आशयाच्या नावावरून होतो.

आपण विचाराल, की हा मागच्या दाराने आलेला पत्ताच नव्हे काय? काही अंशी होय, आणि ते वर्गात स्पष्टपणे मान्य करावे असे मला वाटते. पण दोन फरक आहेत आणि ते वरवरचे नाहीत. पहिला असा, की मार्गसूचना नावाचा भाग नाही. आशय दुसऱ्या सेवादात्याकडे हलला तर मार्गसूचना बदलते. नाव, त्यावरची सही, आणि त्या नावाने जगभरच्या साठ्यांत पडून असलेल्या प्रती जशाच्या तशा ग्राह्य राहतात. दुसरा असा, की मार्गसूचना लावलेली असली तरी वाटेतला प्रत्येक राउटर आधी नाव पाहतो आणि साठ्यात प्रत असेल तर तिथूनच उत्तर देतो. आयपी पत्त्याने निघालेले पॅकेट मात्र त्या यंत्रापाशी पोहोचेपर्यंत कोणीही त्याला उत्तर देऊ शकत नाही.

आणखी एक गोष्ट, जी पुस्तकी मांडणीत झाकली जाते आणि मला सर्वांत मोलाची वाटते. आयपीमध्ये राउटिंगचा तक्ता जवळजवळ निर्दोष असावा लागतो, कारण पॅकेट पुढे पाठवल्यावर त्याचे काय झाले हे राउटरला कळत नाही, आणि दोन राउटरांचे मत जुळले नाही तर पॅकेट गोल फिरत राहते. एनडीएनमध्ये उत्तर त्याच वाटेने परत येत असल्यामुळे प्रत्येक राउटरला आपला निर्णय योग्य होता की नव्हता हे स्वतःला मोजता येते. किती वेळात उत्तर आले, आले की नाही, हे तो पाहतो आणि पुढच्या वेळी दुसरी वाट वापरून बघतो. प्रत्येक मागणीवर एक यादृच्छिक अंक असतो. तीच मागणी फिरून परत आली तर तो अंक पाहून राउटर ती ओळखतो. त्यामुळे एकाच उपसर्गासाठी तीन-चार वाटा नोंदवून ठेवणे सुरक्षित होते आणि राउटिंग प्रोटोकॉलवरचा भार कमी होतो. त्याने ढोबळ दिशा दाखवली तरी पुरते, बाकीचे फॉरवर्डिंग सांभाळून घेते. तुमच्या पाच संगणकांपैकी एकाची जोडणी मध्येच तोडून पाहा. एनएलएसआरला बातमी कळण्याआधीच मागण्या दुसऱ्या वाटेने जाऊ लागल्या का, हे विद्यार्थ्यांना मोजायला लावा. त्यासाठी फॉरवर्डिंगची पद्धत वाटा तपासून पाहणारी निवडावी लागेल. नेहमीची, सर्वांत कमी खर्चाची वाट धरणारी पद्धत हे पुरेसे दाखवत नाही.

आडवाट (उत्तर)

मी बरीच वर्षे सेवादात्यांच्या जाळ्यांवर काम करतो, त्यामुळे माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. वरच्या उत्तराशी माझा विरोध नाही, पण एफआयबीपेक्षा मला पीआयटीची काळजी अधिक वाटते, आणि ती आकड्यांनी मांडतो.

१०० गिगाबिटची एक जोडणी घ्या. डेटा पॅकेट १५०० बाइटांचे धरले, तर सेकंदाला सुमारे ८३ लाख पॅकेटे येतात. मागणी गेल्यापासून उत्तर येईपर्यंत ८० मिलिसेकंद लागतात असे माना; म्हणजे कोणत्याही क्षणी साधारण ६ लाख ७० हजार मागण्या प्रलंबित असतील. पॅकेट ८००० बाइटांचे केले तर हाच आकडा सव्वा लाखावर येतो. हे आजच्या स्मृतीत बसते. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेतील संशोधकांनी २०२० साली साध्या सर्व्हर संगणकावर १०० गिगाबिट वेगाने चालणारा एनडीएन-डीपीडीके हा फॉरवर्डर दाखवलाही आहे.

आता दुष्ट हेतूने काम करणाऱ्याचा विचार करा. तो अस्तित्वातच नसलेल्या नावांची मागणी करतो: उपसर्ग खरा, पुढचा भाग दरवेळी नवा आणि मनाने रचलेला. अशा मागणीला उत्तर कधीच येणार नाही, म्हणून तिची नोंद मुदत संपेपर्यंत तक्त्यात बसून राहते, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती ४ सेकंद धरली जाते. मागणीचे पॅकेट १०० बाइटांचे धरा. केवळ १ गिगाबिटची जोडणी वापरून तो सेकंदाला साडेबारा लाख मागण्या पाठवू शकतो, म्हणजे तक्त्यात ५० लाख निरुपयोगी नोंदी. शंभर पट मोठ्या जोडणीवरच्या प्रामाणिक वाहतुकीला जेवढ्या नोंदी लागतात, त्याच्या सातपटींहून ह्या अधिक आहेत. यावर उपाय सुचवले गेले आहेत: प्रत्येक शेजाऱ्याकडून येणाऱ्या मागण्यांचे उत्तरांशी प्रमाण मोजणे आणि ते घसरले की त्या बाजूला लगाम घालणे, वगैरे. त्यांतले काही चांगले आहेत. परंतु प्रत्येक पॅकेटमागे आठवण ठेवणारा राउटर आणि आठवण न ठेवणारा राउटर यांत जाळे चालवणारा माणूस दुसऱ्याकडे झुकतो, आणि त्यामागे अनुभव आहे.

साठ्यांबद्दलही थोडे सांगतो. आशय ग्राहकाच्या जवळ ठेवण्याचे काम आज कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क करतातच. त्यांचे सर्व्हर सेवादात्याच्या इमारतीतच बसवलेले असतात. २०१३ मध्ये संगणकजाळ्यांवरच्या सिगकॉम परिषदेत एक निबंध आला होता. त्याचा निष्कर्ष असा, की जाळ्याच्या प्रत्येक टप्प्यावर साठा ठेवून जो लाभ मिळतो, त्यातला बहुतेक केवळ कडेला साठा ठेवूनही मिळतो. हा निबंध विद्यार्थ्यांना जरूर वाचायला द्यावा. नव्या रचनेवर प्रेम असणाऱ्यांनी तो आधी वाचावा, असे मला मनापासून वाटते.

एका बाबतीत मात्र मी स्वतः एनडीएनच्या बाजूने आहे. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादला झालेला क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना हॉटस्टारवर एकाच वेळी पाहणाऱ्यांची संख्या ५ कोटी ९० लाखांपर्यंत गेली होती. हे सगळे लोक जवळजवळ त्याच सेकंदांचे तेच चित्र मागत होते. आजच्या पद्धतीत प्रत्येकाशी वेगळे कूटबद्ध सत्र उघडावे लागते, म्हणून एकाच गल्लीतल्या दोनशे घरांत तेच चित्र दोनशे वेळा स्वतंत्रपणे वाहून न्यावे लागते, आणि वाटेतल्या यंत्राला ते एकच आहे हे ओळखताही येत नाही. गंमत अशी, की हक्कसंरक्षणासाठी चित्राचे तुकडे आधीच कूटबद्ध केलेले असतात आणि ते कूटबद्ध रूप सर्वांसाठी सारखेच असते. वेगळी असते ती केवळ किल्ली देण्याची प्रक्रिया. म्हणजे सुरक्षितता पॅकेटांना चिकटलेली, सत्राला नव्हे, ही एनडीएनची भूमिका इथे तंतोतंत लागू पडते. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या यंत्रात पीआयटी असती, तर दोनशेची एक मागणी झाली असती.

शून्यप्रहर (उत्तर)

एक छोटी भर. नावांच्या संख्येचा प्रश्न आयपीएफएस या फाइली वाटून ठेवणाऱ्या जाळ्याने वेगळ्या रीतीने सोडवला आहे, त्याच्याशी तुलना करून पाहावी. तिथे आशयाचे नाव म्हणजे त्या आशयाचाच हॅश, म्हणजे आशयावरून गणिताने काढलेला आकडा. कोणाकडे प्रत आहे याची नोंद सहभागी संगणकांत वाटून ठेवलेली असते आणि ती शोधायला २००२ साली मांडलेली कॅडेमलिया ही पद्धत वापरतात. त्यामुळे एकाही यंत्राला सर्व नावे सांभाळावी लागत नाहीत. परंतु कॅडेमलियातील अंतर हे आकड्यांमधले अंतर आहे, जमिनीवरचे नव्हे. शेजारच्या खोलीतल्या संगणकावर असलेली फाइल शोधताना चौकशी दुसऱ्या खंडात जाऊन येऊ शकते. शिवाय हे सगळे आयपीच्या वर चालते, राउटरला त्याची खबरही नसते. आशय बदलला की नावही बदलते, हा तिसरा मुद्दा. त्यासाठी आयपीएनएस नावाचा वेगळा थर लागतो.

देवनागरी_टंक (उत्तर)

चर्चा राउटिंगची असली, तरी नावांबद्दल एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते, कारण आपण मराठीत लिहितो आणि ती आपल्यालाच सर्वांत आधी बाधणार आहे.

आज नावावरून यंत्राचा पत्ता सांगणाऱ्या डीएनएस या व्यवस्थेत देवनागरी नाव प्रत्यक्षात रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपात साठवले जाते, ‘.भारत’खालची नावेही तशीच आहेत. एनडीएनमध्ये नावाचा प्रत्येक घटक म्हणजे नुसते बाइट असतात, त्यामुळे ‘पर्जन्यमान’ हा शब्द थेट युटीएफ-८ मध्ये ३० बाइटांत नावात ठेवता येतो. ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण राउटर नावांची तुलना बाइटशः करतो, त्याला लिपी कळत नाही आणि कळावी अशी अपेक्षाही नाही.

आता ‘ॲप’ हा शब्द घ्या. यातील पहिल्या अक्षराला युनिकोडमध्ये २००८ पासून स्वतंत्र संकेतांक आहे. पण ‘अ’ला चंद्र जोडूनही तेच अक्षर लिहिता येते आणि पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. युनिकोडच्या प्रमाणीकरणाच्या नियमांनुसार ही दोन रूपे समान मानली जात नाहीत. ‘वाऱ्या’मधल्या अर्ध्या ऱचेही असेच: कोणी ‘ऱ’ला हलंत जोडतो, कोणी ‘र’ला हलंत आणि त्यापुढे न दिसणारा जोडक. दिसायला एक, बाइट निराळे. म्हणजे एका कार्यालयाने ‘/कोकण/वाऱ्याचा-वेग’ या नावाने आशय प्रसिद्ध केला आणि दुसऱ्या कळफलकावरून कोणी त्याच नावाची मागणी केली, तर ती मागणी भलत्या रूपात जाळ्यात फिरेल, उत्तर येणार नाही, आणि ४ सेकंदांनी नोंद पुसली जाईल. मागणाऱ्याला वाटेल, आशय अस्तित्वात नाही. सहीसुद्धा याच बाइटांवर असल्यामुळे वाटेत कोणी दयाळूपणे नाव दुरुस्तही करू शकत नाही.

यावर राउटरमध्ये उपाय शोधू नये, असे माझे ठाम मत आहे. नाव प्रसिद्ध करतानाच कोणते रूप प्रमाण मानायचे हे ठरले पाहिजे, आणि मागणी करणाऱ्या सॉफ्टवेअरने टंकलेले नाव त्या रूपात आणूनच पुढे द्यावे. मराठीपुरते हे नियम मोजक्या ओळींत लिहून होतील. विद्यार्थ्यांना प्रकल्प हवा असेल, तर हा घ्यावा.

तंतुवाय

सर्वांचे आभार. पिनकोडचे उदाहरण उद्याच वर्गात वापरणार आहे, आणि पीआयटीचे गणित विद्यार्थ्यांकडून फळ्यावर करून घेईन. कोथरूडकर, एक शंका उरली. मार्गसूचना लावायची, तर ती मागणाऱ्याला आधी ठाऊक हवी. ती कोण सांगणार? नावावरून जाळे सांगणारी आणखी एक व्यवस्था उभी करावी लागणार असेल, तर डीएनएसच परत आले असे विद्यार्थी म्हणतील.

कोथरूड४११०३८

म्हणतील, आणि ते खरेच आहे. एनडीएनमध्ये त्यासाठी एनडीएनएस नावाची, डीएनएसच्याच धर्तीची उतरंडीची व्यवस्था सुचवलेली आहे. नाव शोधून देणाऱ्या सेवेची या जाळ्यांत गरज काय आणि ती कशी असावी, यावर डिसेंबर २०२१ मध्ये आरएफसी ९१३८ ही इंटरनेटविषयक तांत्रिक टिपणी प्रसिद्ध झाली आहे. तरीही डीएनएसशी एक भेद आहे, तो विद्यार्थ्यांपुढे अवश्य ठेवावा. आज डीएनएसने चुकीचा पत्ता दिला, तर तुम्ही भलत्याच यंत्राशी बोलू लागता, आणि ते यंत्र खरे की खोटे हे ठरवण्यासाठी प्रमाणपत्रांची वेगळी व्यवस्था लागते. मार्गसूचना चुकीची निघाली, तर फार तर मागणी वाया जाते. आलेला आशय मात्र नाव आणि सही यांवरूनच तपासला जातो, कुठून आला यावरून नव्हे. शिवाय ही चौकशी प्रत्येक मागणीला लागत नाही. वाटेत प्रत मिळाली तर मार्गसूचनेचा उपयोगही होत नाही, आणि महाविद्यालयाच्या आतल्या जाळ्यात तिची गरजच नाही.

श्री. आडवाट यांच्या आकड्यांबद्दल एवढेच म्हणेन, की ते बरोबर आहेत. २०११ साली एका निबंधात हार्डवेअरच्या बाजूने हाच हिशोब मांडला गेला होता: एखाद्या सेवादात्याच्या किंवा कंटेंट डिलिव्हरी नेटवर्कच्या आकाराचे जाळे त्या वेळच्या यंत्रांवर चालू शकेल, संपूर्ण इंटरनेट नाही. त्यानंतर यंत्रे वेगवान झाली आहेत, पण खोट्या नावांच्या माऱ्याचा प्रश्न वेगाने सुटणारा नाही, हे मलाही मान्य आहे. म्हणूनच आजची खरी कामे मर्यादित जाळ्यांत होत आहेत, उदाहरणार्थ हवामानाच्या प्रतिमानांचा किंवा कणभौतिकीचा प्रचंड विदासाठा विद्यापीठांमध्ये वाटून घेणे, जिथे नावे नियमबद्ध असतात आणि मागणारे ओळखीचे.

प्रयोगशाळेसाठी एक सुचवतो. पहिल्या संगणकावर एक आशय प्रसिद्ध करा, पाचव्यावरून तो दहा-वीस वेळा मागवा, मग प्रकाशक पहिल्यावरून तिसऱ्यावर हलवा. एकदा त्याचा उपसर्ग एनएलएसआरने सर्वत्र कळवू द्या. दुसऱ्यांदा तो कळवू नका, फक्त संगणकांचे उपसर्ग कळवा आणि मागणीला मार्गसूचना लावा. दोन्ही वेळा प्रत्येक संगणकाच्या एफआयबीत किती नोंदी बदलल्या आणि मधल्या काळात किती मागण्या वाया गेल्या, याची नोंद ठेवा. साठे रिकामे करून एकदा आणि भरलेले ठेवून एकदा, असे चारही प्रकार घ्या. आकडे हाती आले की इथे टाका. मला ते पाहायचे आहेत.